बिंदुमाधव

दसऱ्याच्या सकाळी आमच्या सोसायटीत ज्याच्या त्याच्या आयुधांची पूजा होते. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप मांडतात, वॉचमन त्याची शिट्टी आणून ठेवतो, माझ्या स्कूटरला झेंडूची माळ पडते. त्या वर्षी शेजारच्या काकांनी नवा कॅमेरा घेतला होता. काकू हळदकुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाल्या, तसे काका दोन्ही हात पसरून आडवे आले.

"त्याला नाही! खोक्याला वाहा."

"अहो, पूजा आयुधाची करायची की पुठ्ठ्याची?"

"हळद म्हणजे काय? भुकटी. कुंकू म्हणजे काय? भुकटी. अक्षतांनासुद्धा पीठ असतं."

शेवटी रिकाम्या खोक्याला हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं आणि आम्ही सगळ्यांनी थर्माकोलला नमस्कार केला. कॅमेरा तेव्हा आतल्या कपाटात, पिशवीत, त्या पिशवीच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या उशाशी घेऊन झोपला होता.

काकांचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे. पण शनिवारी पहाटे चहाच्या टपरीवर जमणाऱ्या आमच्या फोटोवाल्यांच्या टोळक्यात त्यांना 'बिंदुमाधव' म्हणतात. अशा टोळक्यात एक जण पक्ष्यांच्या मागे असतो, एक जण फुलांच्या मागे, एक जण नुसताच नव्या लेन्सच्या मागे. आणि एक असतोच, जो फोटोतल्या ठिपक्याच्या मागे असतो. बाकीचे कॅमेऱ्यातून जग बघतात. हा कॅमेऱ्यात बघतो.

दोष काकांचा नाही, नोकरीचा आहे. तीस वर्षं बँकेच्या तपासणी खात्यात काढलेली. हजार नोंदी बरोबर असल्या तर त्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नसे; एक चुकली की चेहरा उजळायचा. निवृत्तीनंतर असा माणूस कुणाची तपासणी करणार? काकूंनी पहिल्या आठवड्यातच डब्यांवर चिठ्ठ्या लावण्याची मोहीम हाणून पाडली. मग कॅमेरा आला.

नवा कॅमेरा हातात आला की माणूस नातवाचा फोटो काढतो, गणपतीचा काढतो, गेला बाजार खिडकीतल्या तुळशीचा तरी काढतो. काकांनी पहिला फोटो काढला तो रिकाम्या आभाळाचा. गच्चीवर जाऊन, आयएसओ १००, छिद्र एफ/२२, फोकस मुद्दाम बिघडवलेला. मग तो संगणकावर शंभर टक्के मोठा करून, डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे, एक ओळ झाली की खाली, असा वाचून काढला. हो, वाचून. सहा हजार आडवे, चार हजार उभे, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल. रात्री साडेअकराला माझी बेल वाजली. दारात काका.

"सात," ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण तळाशी तो जुना आनंदही होता.

मी नको तो प्रश्न विचारला, "पण काका, नंतर काकूंचा फोटो काढलात त्यात तर काही दिसत नव्हतं." त्यावर मला जे व्याख्यान मिळालं ते, खरं सांगतो, उत्तम होतं. "मांडवात चारी बाजूंनी ट्यूबलाइट असतात, तेव्हा तुझी सावली पडते का धड? नाही. विरून जाते. आणि कौलातून कवडसा येतो, त्यात बोट धरलं तर? रेखीव सावली. छिद्र मोठं असलं, एफ/२.८, की उजेड मांडवासारखा चहूकडून येतो; कणाची सावली विरते. एफ/२२ म्हणजे कवडसा. कण लपूच शकत नाही." धूळ खुद्द सेन्सरवर बसत नाही, त्याच्या पुढ्यातल्या काचेवर बसते, त्या काचेमुळे कण आणि सेन्सर यांच्यात थोडं अंतर राहतं आणि म्हणूनच छिद्रागणिक सावली बदलते, हेही त्यांनी सांगितलं. लेन्सच्या तोंडावर चांगला ठळक कण असला तरी फोटोत सहसा दिसत नाही आणि आतला बारीकसा कण आभाळभर मिरवतो. "माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. माझा पिक्सेल सहा मायक्रॉनचा. म्हणजे एक केस आडवा पडला तर डझनभर पिक्सेल गेले." एवढं बोलून त्यांनी माझ्या डोक्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर मी त्यांच्याकडे टोपी घालून जातो.

रोलच्या काळात हे दुखणं नव्हतं. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये दर फोटोला फिल्मचा नवा कोरा तुकडा पुढे सरकायचा; एकावर कण बसला तर तो त्या एकापुरता. स्टुडिओवाले बारीक कुंचला घेऊन प्रिंटवरचे पांढरे ठिपके भरत बसत आणि गिऱ्हाइकाला कळतही नसे. डिजिटलमध्ये पाटी एकच, जन्मभराची. तिच्यावर जे बसलं ते प्रत्येक फोटोत, त्याच जागी. महाबळेश्वरच्या आभाळात, मुंजीतल्या बटूच्या कपाळावर आणि आळंदीच्या घाटावर एकच ठिपका काकांच्या मागोमाग फिरत होता.

काकांनी नोंदवही घातली. लांबट, लाल कापडी पाठीची. रकाने: अनुक्रमांक, तारीख, जागा, आकार, शेरा. पहिले पंधरा दिवस ते वरच्या डाव्या कोपऱ्यातला डाग क्रमांक चार घालवण्यासाठी सेन्सरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हवा मारत होते आणि डाग क्रमांक चार मजेत होता. मग त्यांना कळलं की लेन्स चित्र उलटं पाडते. फोटोत वर दिसतो तो कण सेन्सरच्या खाली असतो; समोरून पाहिलं तर डावीकडचा मात्र डावीकडेच. "तीस वर्षं नावे-जमा बघितलं," ते खिन्नपणे म्हणाले, "आणि इथे फसलो."

साफसफाई हा स्वतंत्र सोहळा. जागा न्हाणीघर, कारण आधी गरम पाण्याचा नळ सोडून वाफ केली की हवेतली धूळ खाली बसते. पंखा बंद, खिडकी बंद, बनियन काढलेला, कारण त्याचे तंतू सुटतात. काकांच्या आजोबांनी सोवळ्यात नैवेद्य केला नसेल इतक्या सोवळ्यात काका सेन्सर पुसतात. त्या वेळी कुणी शिवायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं तर मुळीच नाही. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी फुग्यानं फूस, फूस, फूस. बाहेर काकू आंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या.

फुगा नंतर आला. पहिल्यांदा त्यांनी तोंडानंच फुंकर मारली होती, शाळेत खडूची पाटी फुंकतो तशी. फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार गेले आणि नोंदवहीत सातांचे एकोणीस झाले. त्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द आहे: 'स्वहस्ते'. तो खोडून 'स्वमुखे' केलंय.

तेवढ्यानं जे जात नाही त्याला ओली काडी: सेन्सरच्या रुंदीची, टोकाला मऊ कापड गुंडाळलेली. लवकर उडून जाणाऱ्या द्रावाचे दोन थेंब तिच्यावर टाकायचे, एका बाजूनं एकदा इकडून तिकडे, दुसऱ्या बाजूनं तिकडून इकडे, आणि फेकून द्यायची. काकूंना हे पटत नाही. "कानातला बोळासुद्धा दोन्ही कानांना चालतो," त्या म्हणतात.

"पण काका, कॅमेरा स्वतःच झटकतो ना?" मी एकदा विचारलं. झटकतो. २००३ साली ऑलिंपसच्या ई-१ मध्ये पहिल्यांदा ही सोय आली. पुढची काच इतक्या वेगानं थरथरते की सुकी धूळ गळून पडते. ओलं कुत्रं अंग झटकतं तसंच. पण चिकट डाग त्याला दाद देत नाहीत. आणि चिकट डाग कुठून येतात, या विषयावर काकांना छेडू नये. नव्या कॅमेऱ्यात शटर नवं असतं. सुरुवातीला त्यातून वंगणाचे बारीक शिंतोडे उडू शकतात. इथून काका घसा खाकरतात आणि पानिपत सांगावं तसं निकॉन डी६००चं प्रकरण सांगतात. २०१२ साली कॅमेरा बाजारात आला, फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठिपके जमू लागले, लोकांनी बोंब ठोकली, २०१३ च्या ऑक्टोबरात नवं शटर घालून डी६१० आला आणि २०१४ मध्ये कंपनीनं जुन्यांची शटरंही फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. काकांचा कॅमेरा त्या कंपनीचा नाही. पण पानिपतावर तरी आपल्यापैकी कोण गेलं होतं?

त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात मी त्यांच्याबरोबर गेलो आहे. काउंटरवरचा मुलगा गुणी होता. नोंदवही शेवटपर्यंत चाळून तो म्हणाला, "काका, हे नॉर्मल आहे. तुम्ही बावीसवर कशाला बघता? आठवर काढा, काही दिसणार नाही."

काका शांतपणे म्हणाले, "बाळ, आमच्या बँकेत एखादा शाखाधिकारी म्हणाला असता, साहेब, हिशेब बरोबर आहे, फक्त त्या पानाकडे बघू नका, तर मी काय केलं असतं?"

मुलानं मुकाट्यानं कॅमेरा आत नेला. पुसून आणला. काकांनी तिथल्या तिथे पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. जुने सगळे गेले होते. नवे दोन आले होते. मग काका जे बोलले त्यातून मला त्यांचा रोग खरा कळला. "डागाचं दुःख नाही रे. पण तो आला कुठून, याचा खुलासा नको?"

खुलासा न मिळालेला माणूस काय करील याचा नेम नसतो. भिगवणला आम्ही रोहित पक्षी बघायला गेलो. उजनीच्या पाण्यावरून गुलाबी थवा उठला, सगळ्यांची बोटं बटणावर. काकांनाही फोटो मिळाला, आणि काय फोटो! घरी येऊन त्यांनी त्याच्या आभाळातला एक काळा ठिपका संगणकावर सफाईनं पुसला आणि आम्हाला दाखवला. आमच्यातला पक्षीवाला बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. "काका, तिथे वर घार होती."

"कुठे?"

"तुम्ही पुसलीत तिथे."

त्यानंतर पुण्याच्या पेठांतून कोथरूडपर्यंत ही गोष्ट पोचली. काका आता ठिपका पुसण्याआधी पुढच्या फोटोत तो हलला का, ते पाहतात. हलला तर पक्षी. जागचा हलला नाही तर धूळ.

काकूंच्या भाचीच्या बारशाला तर कहर झाला. बाळाचा फोटो सुरेख आला होता. काका कपाळावर आठ्या घालून पडद्याला नाक लावून बसले. "गालावर डाग. चांगला मोठा. क्रमांक बावीस." काकूंनी येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, तीट आहे ती! मीच लावलीय!" आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या कॅमेऱ्याला पण देवानं तीट लावली असं समजा. इतकी दृष्ट लावून बघताय त्याच्याकडे." काका हसले नाहीत. पण त्या रात्री नोंदवही उघडली नाही म्हणतात.

धुळीच्या भीतीनं काकांनी कायकाय सोडलं त्याची यादी माझ्याकडे आहे. सोमवतीला जेजुरी सोडली. "भंडारा उधळतात. एकदा सेन्सरला हळद लागली की संसार आलाच." धुळवड सोडली. बैलपोळा सोडला. मेट्रोच्या खोदकामाच्या दिवसांत तर त्यांनी पुणे शहरच सोडल्यासारखं केलं. लेन्स बदलायची नाही म्हणून एकाच लेन्सवर वर्ष काढलं. त्या वर्षात सेन्सर आरशासारखा लख्ख राहिला. कॅमेऱ्याच्या पिशवीवर मात्र बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ साचली. ते नाव काकूंनी लिहिलंही.

मग आषाढ आला. टोळकं बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण बघायला निघालं आणि काकूंनी काकांना जवळजवळ गाडीत कोंबलं. त्या वर्षी पाऊस लांबला होता, मैदान कोरडं ठणठणीत. काकांनी कॅमेऱ्याला दुधाची पिशवी घातली, तिला लेन्सपुरतं भोक पाडलं, रबर लावलं. झेंडेकरी धावले, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया धावल्या, विणेकरी धावले. आणि मग अश्व सुटला.

त्या क्षणी काकांच्या कॅमेऱ्यावर रुंद लेन्स होती. अश्व पलीकडच्या कडेला होता. लांबची लेन्स त्यांच्या पिशवीत. मी त्यांच्याकडे बघत होतो, म्हणून शपथेवर सांगू शकतो: काकांनी दुधाची पिशवी फाडली, भर धुळीत कॅमेऱ्याचं तोंड उघडलं आणि लेन्स बदलली. कॅमेरा खाली धरायचंसुद्धा विसरले.

रिंगण संपलं तशी माणसं मैदानात घुसली आणि टापांखालची माती उचलून कपाळाला लावू लागली. एका म्हाताऱ्या बाईंनी चिमूटभर माती घेतली, स्वतःला लावली आणि शेजारी कोण आहे न बघता काकांच्याही कपाळाला लावली. "घ्या माउली." उरलेली माती झटकली ती थेट कॅमेऱ्यावर. काकांनी कॅमेरा मागे घेतला नाही. दोन्ही हात त्यात गुंतले होते, म्हणून नुसती मान लववली.

अश्वाचा फोटो आला. चारही पाय जमिनीवरून सुटलेले, खाली धुळीचा लोट, मागे उन्हात तांबूस झालेली माणसं. आभाळात एकतीस ठिपके. मी मोजले नाहीत, नोंदवहीत आहेत. पण त्या पानावर एकतीस ओळी नाहीत. एकच ओळ आहे, तारीख, बेलवाडी, आणि शेऱ्याच्या रकान्यात बँकेच्या त्या जुन्या, वळणदार अक्षरात: 'खुलासा प्राप्त. आक्षेप निकाली.'

सेन्सर त्यांनी दुसऱ्या दिवशी पुसलाच. न्हाणीघर, वाफ, सोवळं, सगळं यथासांग. माती ती माती. मी गेलो तेव्हा दाराआडून फूस फूस चाललं होतं आणि काकू टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मग दार उघडलं, काका कॅमेरा छातीशी धरून बाहेर आले. सेन्सर लख्ख होता. कपाळ मात्र त्यांनी अजून धुतलं नव्हतं.