सुट्टीतल्या पोरांना काम देणाऱ्या ठेकेदारसाहेबांस



परीक्षा संपल्या की पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत आपल्या अंगात जी समाजसेवा संचारते, तिचे जाहीर कौतुक व्हायलाच हवे. पंधरा-सोळा वर्षांची पोरे मोबाइलमध्ये डोळे फोडत बसू नयेत म्हणून आपण त्यांना गोदामात खोकी भरायला, लेबले चिकटवायला बोलावता. खोकी मोठ्या माणसाइतकीच उचलून घेता आणि पगार अर्धा देता, कारण 'पोरगा अजून शिकतोय'. इथे आमची बुद्धी अडते. शिकतोय म्हणाल, तर त्यासाठी 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्यात करार असतो, विद्यावेतन ठरलेले असते. खोक्याला चिकटपट्टी लावायचा अभ्यासक्रम पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी संपतो. पुढचा दीड महिना पोरगा कामच करत असतो, तेव्हा दरही कामाचाच हवा.

'घरी गरज असते हो, आम्ही नाही घेतले तर खातील काय?' हा आपला हुकमी एक्का. गरज खरीच आहे. पण गरजवंताचे अर्ध्या पैशांत भागते, हे गणित कोणत्या शाळेतले? वीटभट्टीवर तर याहून पुढची पायरी गाठली आहे. कातकरी कुटुंब उचल घेऊन भट्टीवर जाते, हिशेब हजार विटांमागे होतो आणि तोही जोडप्याच्या नावावर. ओल्या विटा पलटणारी, डोक्यावरून वाहणारी त्यांची मुलगी त्या हिशेबात कुठेच नसते. त्या भट्टीवाल्याशी तुलना केली की आपण उदार ठरता, हे मान्य.

कायदा पोरांचा रोजगार बुडवतो, ही तक्रारही जुनीच. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, तरी 14 ते 18 वयाच्या मुलांना सरसकट बंदी नाही. बंदी आहे ती खाणी, ज्वलनशील पदार्थ आणि घातक प्रक्रियांच्या कामांत. तारापूरच्या रसायन कारखान्यांपुढे हे कलम आडवे येते, याला कोण काय करणार? बाकी ठिकाणी तीन तासांनंतर तासभर विश्रांती, विश्रांती धरून सहा तासांत सुट्टी, संध्याकाळी सातनंतर काम नाही. पाच तास राबवून पाच तासांचे पैसे दिलेत, तर कोण बोट दाखवील? आपण मात्र तास मोठ्यांचे लावता आणि पैसे पोरांचे देता. याच कायद्याने मुलाचे नाव, जन्मतारीख आणि कामाचे तास लिहिलेली नोंदवही ठेवायला सांगितली आहे. यंदा ती जरा टेबलावर ठेवा. एवढी समाजसेवा कागदावर कुठेच नसावी, हे बरे दिसत नाही.

कळावे.