वेगमर्यादा फेरविचार समितीस अनावृत पत्र

रा. रा. अध्यक्ष व सन्माननीय सदस्य यांचे सेवेसी,

सा. न. वि. वि.

आमच्या गावाच्या मधून जाणाऱ्या राज्यमार्गावरील वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटरवरून ६० वर नेण्याचा मसुदा आपण सिद्ध केला असून त्यावर रहिवाशांच्या हरकती व सूचना मागविल्या आहेत, असे कचेरीबाहेरील सूचनाफलकावर, एका जुन्या निविदेच्या आणि एका लिलावाच्या नोटिशीच्या मधोमध डकविलेल्या कागदावरून आम्हांस समजले. हरकत घेण्याइतके धारिष्ट आमच्या अंगी नाही. केवळ कृतज्ञता व्यक्त करावी, एवढ्याच हेतूने हा पत्रप्रपंच.

मसुद्यात दिलेली कारणमीमांसा वाचून तर आम्ही धन्य झालो. शंभरांपैकी पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाच्या आत धावतात तो वेग मोजून काढावा आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवावी, ही रीत अभियंत्यांच्या शास्त्रात जुनी व प्रतिष्ठित आहे, आणि मोकळ्या माळावरून जाणाऱ्या महामार्गास ती शोभूनही दिसत असेल. परंतु ज्याच्या एका अंगास शाळा व सरकारी दवाखाना आणि दुसऱ्या अंगास बाजारपेठ व एस.टी. स्थानक आहे, अशा रस्त्यासही आपण तीच लागू केलीत, ही औदार्याची परिसीमा होय. बाजारातील बहुसंख्य दुकानदार जेवढे तोलतात तेवढ्यालाच किलो म्हणावे, असा ठराव वजनमापे खात्यास अद्याप सुचला नाही, याचे आता नवल वाटते. शिवाय या मोजणीस वर्दळ चालत नाही, गर्दीत अडकलेल्या वाहनाचा स्वाभाविक वेग कळत नाही, म्हणून रस्ता मोकळा असेल अशीच घटका शोधावी लागते. अर्थात रस्त्यावर माणूस नसतानाच्या वेगावरून माणूस असतानाचा वेग ठरतो. पायी चालणाऱ्यांची नोंद करण्यास आपल्या तक्त्यात रकानाच नाही, हे योग्यच झाले. असता तर तो भरावा लागला असता.

अधिकाराचा प्रश्न आम्ही काढीत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ अन्वये सार्वजनिक सुरक्षितता, सोय अथवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप ध्यानी घेऊन वाहनांच्या वेगावर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनास व त्याने प्राधिकृत केलेल्या प्राधिकरणास आहे. राजपत्रात अधिसूचना काढावी आणि जागेवर योग्य ते फलक उभारावेत, एवढीच अट. निर्बंध महिन्याभराहून अधिक काळाचा नसेल तर अधिसूचनेचीही आवश्यकता नाही, ही त्यातील सवलत आम्हांस विशेष प्रिय आहे, कारण शाळा उघडण्याच्या दिवसांत तिचा उपयोग करावा असे कोणास सुचल्याचे ऐकिवात नाही. केंद्र शासनाने एप्रिल २०१८ मध्ये नगरपालिका हद्दीतील मोटारगाड्यांसाठी ताशी ७० ची कमाल मर्यादा घातली, तिचा दाखला आपण मसुद्यात दिला आहे. कमाल म्हणजे त्याच्या वर जाऊ नये. आपण तिच्यापर्यंत चढत जाण्याची शिडी मांडलीत, हा अन्वयार्थ मात्र स्वतंत्र प्रतिभेचा.

आता फलकाविषयी. तांबड्या कडेच्या पांढऱ्या वर्तुळात काळा ४० रंगविलेला आहे; रंग उडालेल्या ठिकाणी चाराच्या पोटातून जुन्या पाचाची वाटोळी पाठ डोकावते, कारण पूर्वी येथे ५० होते आणि बदल करताना नवा पत्रा घेण्याची तजवीज झाली नव्हती. खांबाला सुतळीने बांधलेल्या फ्लेक्सवर स्थानिक नेतृत्वास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा असून त्यांच्या हसतमुख छबीने शून्याचा अर्धा भाग व्यापला आहे. तरीही कायद्याचा अंमल अगदीच नाही असे म्हणवत नाही. महिन्याकाठी एखादे दिवशी कडुलिंबाखाली वाहतूक पोलीस स्पीडगन घेऊन उभे राहतात. समोरून येणारे सहृदय चालक डिपर देऊन ‘पुढे मामा आहेत’ हे वर्तमान परस्परांस कळवितात. आणि पावती फाडण्याची वेळ कोणावर येऊ नये म्हणून शेसव्वाशे पावले संपूर्ण वाहतूक नवपरिणीतेच्या मर्यादेने चालते.

वाढीव वेगाच्या लाभांचा हिशेब मसुद्यात नाही, तो आम्ही सादर करतो. गावातून रस्त्याची लांबी अवघी दीड किलोमीटर. ४० च्या वेगाने ती सव्वादोन मिनिटांत सरते, ६० ने दीड मिनिटात. म्हणजे वाटेत कोणीही आडवे न आल्यास प्रत्येक वाहनाचे पंचेचाळीस सेकंद वाचतील, जे पुढील रेल्वे फाटकापाशी निवांत खर्चिता येतील. जमेच्या बाजूस एवढे झाले. खर्चाच्या बाजूस असे, की ४० ने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे अकरा मीटर जाते आणि ६० ने जाणारी जवळजवळ सतरा, आणि समोर पोर दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादे सेकंद सहज जाते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे दीडपट वेगाचा आघात सव्वादोन पट होतो. जागतिक आरोग्य संघटना पादचारी व वाहने एकत्र नांदतात तेथे ताशी ३० सुचविते, पण त्या संघटनेस आमच्या रेल्वे फाटकाची कल्पना नसावी.

खरे सांगायचे तर, ५० चे ४० केले तेव्हाही कोणाचा वेग कमी झाला नव्हता. त्याच सुमारास रस्ता रुंद झाला, साइडपट्टीवरील झाडे गेली, डांबर गुळगुळीत झाले. रुंद, सरळ, निर्मनुष्य दिसणारा रस्ता चालकास स्वतःच वेग सांगतो आणि पत्र्यावरील आकडा त्यापुढे निष्प्रभ ठरतो. म्हणून लोकांनी आपला निकाल आपणच लावला: शाळेसमोर एका रात्रीत डांबराचा उंचवटा उभा केला. शास्त्रशुद्ध गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा असा दंडक आहे. हा रुंदीने हातभर आणि उंचीने वीतभर आहे, त्यावर पांढरे पट्टे नाहीत, आणि रुग्णवाहिकेतील रुग्णासही तो ओळखू येतो. तो बेकायदा आहे यात शंका नाही. परंतु या रस्त्यावर वाहनांनी आजवर पाळलेला हा एकमेव हुकूम आहे.

इंग्लंडने १९३० मध्ये मोटारींची सर्वसाधारण वेगमर्यादा रद्दच करून पाहिली आणि १९३५ मध्ये वस्तीतील रस्त्यांवर ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आणली. आपणही तसे करून पाहावे असे कोणी सुचवील. आम्ही मात्र पाच वर्षे थांबण्याच्या मताचे नाही.

तेव्हा विनंती इतकीच, की मसुदा कायम करण्यापूर्वी समितीने एखाद्या आठवडी बाजाराच्या दिवशी, शाळा सुटण्याच्या वेळी, पूर्वसूचना न देता यावे, गाडी स्थानकात उभी करावी आणि दवाखान्यापासून बाजारपेठेपर्यंत रस्ता एकदा पायी ओलांडावा. त्याच दिवशी, त्याच घटकेस पुन्हा मोजणी करावी, तक्त्यात पादचाऱ्यांचा रकाना वाढवावा, रस्त्याची रुंदी शाळेपाशी आवळण्याची आणि दंडकाप्रमाणे गतिरोधक बांधण्याची तजवीज करावी. मग आकडा कोणता लिहावयाचा तो आपण खुशाल लिहावा. कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक पादचारी

ता. क. हरकतींची मुदत संपण्यास अद्याप अवकाश आहे. या पत्राची पोच मिळावी.