कासविणीचा रहिवासी दाखला

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात 1976च्या हंगामात एल्क, म्हणजे तिथलं भलंथोरलं हरीण, मारायचा परवाना गाववाल्याला 9 डॉलरना मिळे. बाहेरच्याला मात्र 225 मोजून इतर जनावरांसकटचा जोडपरवानाच घ्यावा लागे. बाहेरचे शिकारी चिडून सर्वोच्च न्यायालयात गेले. 1978 साली न्यायालयाने त्यांना वाटेला लावलं: शिकार ही हौस आहे, पोटापाण्याचा धंदा नव्हे.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, 1991च्या दुरुस्तीपासून, सगळ्यांना एकच दर लावला. घरचा असो वा पाहुणा, परवानाच नाही. बिल मात्र येतंच, आणि ते येतं गोव्यातल्या पेडण्याच्या शेतकऱ्याला. रानडुकरांनी एका रात्रीत वायंगणाचं भातशेत उलथून टाकलं तर त्याने अर्ज करायचा आणि लेखी परवानगीची वाट बघत बसायचं. पीकरक्षणाची बंदूक असलीच तर निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. 2025च्या सप्टेंबरात ओंकार नावाचा हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला, तेव्हा तर भाताचं काय झालं यापेक्षा हत्ती कुठल्या राज्याचा हाच घोळ मोठा.

मोरजीच्या तेंबवाड्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासविणीचा मामला आणखी अवघड. जन्म किनाऱ्यावरचा, मग कित्येक वर्षं समुद्रात, आणि बाळंतपणाला पुन्हा माहेरच्या किनाऱ्यावर. पंधरा वर्षं सलग वास्तव्य नाही, सबब रहिवासी दाखला नामंजूर. 2021च्या जुलैत विधानसभेने तीस वर्षं राहील तो भूमिपुत्र असं विधेयक संमत केलं होतं (बोंब झाल्यावर सरकार त्या शब्दावरून मागे हटलं), त्यातही ती बसली नसती. पूर्वी लोक तिची अंडी खायचे. आता गावचीच माणसं रात्र जागून घरट्यांची राखण करतात. ‘सी व्ह्यू’चे पैसे तेवढे बिल्डर घेतो.

पाहुण्याला वेगळा दर आपल्यालाही नवा नाही: अजिंठ्याला परदेशी पाहुण्याला 600 रुपयांचं तिकीट, आपल्याला 40 रुपयांचं. आणि तिथली चित्रं कुणाचं भात खात नाहीत. मोंटानात परवान्याचा पैसा वन्यजीव खात्याच्याच कामाला लागतो. मोरजीतही कासवांच्या हंगामात बाहेरच्या पाहुण्यावर कर बसवावा आणि तो राखणदारांना नि डुकरांनी नागवलेल्या शेतकऱ्यांना वाटावा, असं माझं मत. ग्रामसभेत हे मांडलं की पहिला प्रश्न येणार: बाहेरचा म्हणजे कोण? ज्यांनी प्लॉट विकले, त्यांनीच आधी सांगावं.