जनउद्यानातील जबानी

शांघाय नगरीच्या ऐन मध्यभागी जे जनउद्यान आहे, त्या भूमीवर एकेकाळी आंग्ल व्यापाऱ्यांचे घोडे शर्यतीत धावत. १९५२ साली नव्या राजवटीने तेथे बाग केली, आणि आता रविवारी तिच्या एका कोपऱ्यात साहेबाचे घोडे नव्हे, पण साहेबाची भाषा मात्र अशी चौखूर उधळलेली असते की, निरुपद्रवी हेतूने बाकावर टेकलेला परदेशी प्रवासी तिच्या टापांखाली सापडल्यावाचून राहत नाही. या मेळाव्यास 'इंग्लिश कॉर्नर' म्हणतात. चीनमधील बहुतेक मोठ्या शहरांत असे कोपरे आहेत.

मी आणि माझा भाचा बसतो न बसतो तोच एका निवृत्त अभियंत्यांनी आमची जबानी घ्यावयास आरंभ केला. नाव, गाव, वय, वेतन, अपत्ये असा क्रम होता, आणि त्यांचे सारे चित्त पुढचा प्रश्न व्याकरणशुद्ध जुळविण्यात गुंतलेले असल्यामुळे माझ्या उत्तरांची त्यांना काडीइतकीही गरज नव्हती. चीन कसा वाटला, या प्रश्नास 'अजून पुरता पाहिला नाही' असे मी प्रांजळपणे सांगितले, तेव्हा पाठ्यपुस्तकाबाहेरचे म्हणून ते उत्तर नामंजूर झाले व प्रश्न पुन्हा फर्माविण्यात आला. मात्र आम्ही महाराष्ट्रातले, असे कळताच त्यांनी चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचे 'के दिहुआ' हे चिनी नाव उच्चारले, आणि डॉक्टर मूळचे सोलापूरचे, ही माझी पुरवणी त्यांनी मान तुकवून, प्रथमच, शेवटपर्यंत ऐकून घेतली.

या इंग्रजीमागे मोठा इतिहास आहे. दोन अफूयुद्धांत मार खाल्ल्यावर १८६२ साली चिंग दरबाराने पेकिंगला परकीय भाषांचे विद्यालय काढले, तेव्हा इंग्रजी ही शत्रूचे तहनामे वाचण्याची विद्या होती. १९५०च्या सुमारास तिचे आसन रशियनने बळकाविले. पुढे १९६६ साली विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षाच बंद पडल्या, त्या १९७७ साली पुन्हा सुरू झाल्या, आणि १९८२ साली बीबीसीची 'फॉलो मी' ही पाठमाला सरकारी दूरचित्रवाणीवर दिसू लागताच घरोघर साहेबी वाक्ये घोकली जाऊ लागली. आज बहुतेक प्रांतांत त्या परीक्षेच्या ७५० गुणांपैकी १५० इंग्रजीचे, म्हणजे मातृभाषेइतकेच. तेव्हा या भाषेवर कोणाचे प्रेम आहे की नाही, ही चौकशीच गैरलागू ठरते. ली यांग नामक गृहस्थांनी तर इंग्रजी ही कंठशोष करून आरोळ्या ठोकण्याची साधना आहे, असा पंथच काढला व हजारोंच्या समुदायाकडून क्रीडांगणांत ती करवून घेतली. त्या पंथाचा एक तरुण आमच्याभोवती जमलेल्या कड्यातही होता. त्याने माझ्या प्रकृतीची विचारपूस केली, तेव्हा शेजारच्या झाडावरील पाखरे उडाली.

याच बागेत सुटीच्या दिवशी दुसरा एक बाजार भरतो: आईबाप आपल्या अविवाहित अपत्यांचे वय, उंची, शिक्षण व वेतन कागदावर नमूद करून ते कागद उघड्या छत्र्यांना टाचून बसतात. आमच्या कड्यात एक विद्यार्थिनी होती. हवामानापासून हॅम्लेटच्या मनःस्थितीपर्यंत ती अर्धा तास अशी अस्खलित बोलत होती की, निवृत्त अभियंतेही निष्प्रभ झाले. इतक्यात छत्र्यांच्या दिशेकडून तिच्या मातोश्री आल्या. त्यांनी माझ्या भाच्याला नखशिखांत न्याहाळले, बोटांवर काहीतरी मोजले, आणि मुलीच्या दंडाला धरून, माझ्याकडे वारंवार निर्देश करीत, तिला चिनीत एक लांबलचक हुकूम दिला. आम्ही सारे भाषांतराची वाट पाहू लागलो. मुलगी आरक्त झाली, तिने आईकडे पाहिले, छत्र्यांकडे पाहिले, आणि मग अत्यंत निर्दोष उच्चारांत मला म्हणाली की, तिचे इंग्रजी फारच कच्चे असून आईचे म्हणणे तिला सांगता येण्यासारखे नाही.