डी.एड. झालेली पोरगी

"काय गं, काल मोरपंखी साडी नेसून सकाळी सकाळी कुठं निघाल्तीस? हाक मारली तर वळून बघितलं न्हाईस."

"सागरेश्वरला गेले होते आक्का. आमच्या डी.एड.च्या बॅचचं गेट-टुगेदर होतं. दिवाळीच्या सुट्टीला नोकरीवाले सगळे गावाकडं आलेत, म्हणून ठरवलं."

"मग सांग की. कोण काय करतंय? थांब, दुधाखालचा गॅस बंद करून आले."

आक्का गॅस बारीक न करता बंद करून येतात, तेव्हा तासाभराची निश्चिंती समजायची. कुंपणाच्या खांबाला टेकून त्या उभ्या राहिल्या आणि पहिलाच प्रश्न, "त्यो पहिल्या पाठाला चक्कर येऊन पडला हुता, त्यो बरा हाय का?"

ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली होती देव जाणे. सूक्ष्म पाठ होता, पाच-सहा मिनिटांचा. समोर खरी पोरं नव्हतीच. आम्हीच पाचवीचा वर्ग होऊन बसलेलो आणि मागच्या बाकावर निरीक्षण वही उघडून मॅडम. गड्यानं फळ्यावर तारीख, इयत्ता, विषय लिहिला, वळला, "मुलांनो" म्हणाला आणि आडवा झाला.

"बरा म्हणजे? फॉर्च्युनर घेऊन आला होता. केरळात गलाईचं दुकान आहे त्याचं."

"म्हंजे सोनं गाळतोय?"

"गाळायला आता माणसं आहेत हाताखाली. काल सगळ्यांच्या जेवणाचं बिल त्यानंच भरलं. आम्ही नको नको म्हणालो, पण फार जोरात नाही."

आमच्या ह्या पट्ट्यात, म्हणजे कडेगाव, विटा, खानापूर, आटपाडीकडं, गलाईवाला नाही असं गाव सापडायचं नाही. पाऊस बेभरवशाचा, जमीन माळाची. टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी बारावी झालेल्या पोरापुढं गलाई, मुंबईची माथाडी नाहीतर डी.एड. एवढंच असायचं. पहिल्या दोन्हींत घर सुटायचं. डी.एड. केलं की जिल्हा परिषदेची शाळा, पगार, पेन्शन आणि रोज संध्याकाळी घरी, असा हिशोब. हुशार पोरं सायन्सचे चांगले मार्क घेऊन डी.एड.ला जायची, आणि ते बघून राज्यात हजारावर अध्यापक विद्यालयं उभी राहिली. प्रवेशासाठी मामांकडून हातउसने घेणारे आमच्याच वर्गात होते.

"आमच्या मामंजींच्या टायमाला असलं काय नव्हतं," आक्का म्हणाल्या. "जुनी सातवी झालेलं ते. साताऱ्याला भाऊराव अण्णांच्या कालिजात ट्रेनिंग केलं, की लगीच शाळा."

कर्मवीरांनी १९३५ साली ते काढलं तेव्हा नाव होतं सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज. पुढं त्याला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आक्कांना सनावळीशी देणंघेणं नाही. त्यांना एवढंच ठाऊक की ट्रेन्ड मास्तरला गावात पाटलाच्या शेजारी खुर्ची मिळायची.

"आन् आपलं सोनसळचं साहेब? तेबी आधी मास्तरच की."

ह्यावर कडेगाव तालुक्यात कुणी वाद घालत नाही. पतंगराव कदम पुण्याला गेले ते शिक्षकाच्या एका वर्षाच्या पदविकेसाठी; हडपसरच्या साधना विद्यालयात शिकवलं, आणि १९६४ साली भारती विद्यापीठ काढलं तेव्हा वय जेमतेम विशीचं. २०२४ साली वांगीला त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेसुद्धा ५ सप्टेंबरला, नेमकं शिक्षकदिनी. मास्तरकीचं शिक्षण घेतलं की माणूस कुठवर जातो, याची आमच्याकडं दुसरी जाहिरात लागत नव्हती. आमच्या बॅचमधनं मात्र त्यांच्यासारखं मंत्री कुणी झालं नाही. एक जण ग्रामपंचायत सदस्य आहे, आणि तोही काल भाषण करायला उठला तर खाली बसवायला दोघं लागले.

"ते ऱ्हाऊ दे. पेटीवाला आल्ता का?"

पेटीवाला म्हणजे परिपाठाला हार्मोनियम वाजवणारा. त्याचं नाव रत्नागिरी जिल्ह्याच्या यादीत लागलं होतं. शिक्षणसेवक. महिना तीन हजार रुपये, तीन वर्षं. ही योजना २००० साली आली तेव्हाचा आकडा, आणि तोच पुढं दहा-अकरा वर्षं तसाच.

"तीन हजारात खोलीभाडं, डबा आन् येष्टी?" आक्का बोटं मोडत मोजायला लागल्या. "माझा दूधवाला जास्त मिळवत हुता की गं."

"घरून पैसे मागवायचा. नोकरीला लागलेला मुलगा बापाकडून मनिऑर्डर घेतोय. आणि शाळा कुठं, तर डोंगरातल्या वाडीवर. दोन शिक्षक, चार वर्ग, पावसाळ्यात साकवावरून जायचं. तीन वर्षांनी कायम झाला, मग आंतरजिल्हा बदलीचा अर्ज. दरवर्षी अर्ज. बारा वर्षांनी एकदाचा सांगली जिल्हा मिळाला."

"मग आला की घरी!"

"जतला मिळाला. पार पूर्वेला."

आक्का एवढ्या मोठ्यानं हसल्या की त्यांची मांजर कुंपणावरून उतरली. हसण्यासारखंच आहे. आमच्या गावाला लागून जाणारा गुहागर-विजापूर रस्ता घ्या. सुर्लीचा घाट उतरून कराड, पाटण, कुंभार्ली करत पश्चिमेला गेलं की त्याची जुनी शाळा. त्याच रस्त्यानं विटा, खानापूर करत पूर्वेला गेलं की नवी शाळा. गडी आयुष्यभर एकाच रस्त्यावर नोकरी करतोय, आणि घर मात्र अजून अध्येमध्येच. आधी कोकणातल्या बोलीत रुळला होता. आता शाळेतली पोरं घरात कन्नड बोलतात, म्हणून हा पहिली बाराखडी आपणच शिकतोय. "बन्नी गुरुगळे," असं म्हणून दाखवलं त्यानं काल. पेटी मात्र अजून वाजवतो.

"आन् ती थर्माकोलवाली? जिनं ताजमहाल केल्ता?"

ताजमहाल नव्हता, पवनचक्की होती. शैक्षणिक साधनांत तिचा हात कुणी धरत नसे. पवनचक्कीची पाती खरंच फिरायची आणि मॅडमनी ती पुढच्या बॅचला दाखवायला कपाटात ठेवून घेतली. तिचं सगळं रेषेत झालं. नोकरी लागली, नवराही शिक्षकच मिळाला, पती-पत्नी एकत्रीकरणात दोघांच्या शाळा जवळ आल्या, सातवा वेतन आयोग आला, विट्यात दोन मजली घर झालं.

आक्कांनी सुस्कारा सोडला. दोन पगारांच्या घराबद्दल ऐकलं की कडेगावात हा सुस्कारा सोडायची पद्धत आहे.

"पण काल सगळ्यांत काळजीत तीच होती. दोघंही टीईटीचा अभ्यास करतायत."

"म्हंजे? नोकरी हाय की दोघांस्नी."

"सुप्रीम कोर्टाचा निकाल आला ना १ सप्टेंबर २०२५ ला. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरलीय, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. नाहीतर घरी."

"वीस वर्सं शिकवलं ते काय मग पाण्यात?"

काल हाच प्रश्न प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता. २३ नोव्हेंबर २०२५ ची परीक्षा तोंडावर होती. थर्माकोलवालीचा मुलगा दहावीला. घरात एक टेबल आणि त्यावर अभ्यासाला तिघं. मुलगा म्हणे आईला पियाजेच्या अवस्था विचारतो आणि चुकलं की तिचंच वाक्य तिला ऐकवतो, "वर्गात लक्ष कुठं होतं?" डी.एड.ला आम्ही हर्बार्टची पंचपदी घोकली होती. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, सगळं ठरल्या क्रमानं. ती घेऊन खऱ्या वर्गात उभं राहिलं तेव्हा पहिलीतलं पोर बाकाखाली झोपलेलं असायचं आणि हेतुकथन कुणाला करायचं ते कळायचं नाही. पुढचं सगळं पोरांनीच शिकवलं. आता त्याच शिक्षकांना १५० मार्कांच्या गोल रंगवायच्या पेपरला बसवायचं. माझं मत विचाराल तर नियम वाईट नाही. शिक्षकाची पारख व्हावी. पण टीईटीचा नियम २०१० चा. पंधरा वर्षं कुणी काही बोललं नाही आणि पोरं वाढवायच्या वयात एकदम प्रश्नपत्रिका पुढं. पेटीवाला म्हणतो, तीन हजारात राबलो ती माझी टीईटी.

"पहिला नंबर कुणाचा गं तुमच्यात? ती गोरी, दोन वेण्यांची?"

"ती विट्याच्या डेपोला कंडक्टर आहे."

आक्का गप्प झाल्या, म्हणून मीच घाईनं सांगितलं की ती खुशीत आहे. लग्न, बाळंतपण यांत दोन भरत्या गेल्या, मग ज्या दारातून आत जाता आलं त्यातून गेली. आमच्या बॅचचे चौघं पोलिसात आहेत, एक तलाठी, एकानं आल्याचे प्लॉट केलेत आणि तो दराबद्दल सोडून दुसरं काही बोलत नाही. गाडीत कॉलेजची पोरं दंगा करायला लागली की ती नुसती मागं वळून बघते म्हणे. छात्रसेवेत मिळवलेली नजर आहे ती, वाया गेलेली नाही.

"आन् तुझं नाव गडचिरोलीला लागलं हुतं," आक्का म्हणाल्या.

"लागलं होतं."

हळद निघाली नव्हती माझी. सासूबाईंनी नकाशा मागवला, बोट ठेवलं, आणि विषय संपला. माझ्या अंगणात पंचवीस पोरं शिकवणीला येतात आणि अख्खी गल्ली मला बाई म्हणते. ह्यापुढचं आक्कांना पाठ आहे.

"पर तुला सून करून आणायला किती फिरल्या हुत्या त्या. डी.एड. झालेली पोरगी पायजे म्हंजे पायजे. तवा पेपरात तसंच छापून यायचं. पोरीचा रंग न्हाई, उंची न्हाई, आधी डी.एड. हाय का ते बघायचं."

खरं आहे. तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलींची लग्नं निकालाआधी ठरायची. माझ्या नणंदेचा काळ काही फार लांबचा नव्हता, फक्त सहा वर्षांनी पुढचा. ती डी.एड.ची परीक्षा द्यायच्या बेतात होती आणि २ मे २०१२ ला शासन निर्णय निघाला, शिक्षकभरती बंद. आपल्याकडं पोरगं जन्मलं की भटजीला वेळ सांगतात. डी.एड.वाल्यांची पत्रिका त्या शासन निर्णयांच्या तारखांवरून मांडावी लागते. हुशारी सारखी, पुस्तकं तीच, मॅडमसुद्धा त्याच. २००६ वाली विट्यात बंगल्यात आणि २०१२ वाली खासगी शाळेत चार-पाच हजारांवर नर्सरीला लागली. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी झाली, ती पास. मग म्हणाले आता अभियोग्यता चाचणीही द्या. ती २०१७ ला झाली. मग भरतीचं पवित्र पोर्टल.

"कसलं पवित्र? तिचं लग्न राह्यलं त्यापायी," आक्का म्हणाल्या.

मुलाकडचे विचारायचे, नोकरी लागली का? लागेल म्हटलं की चहा पिऊन जायचे. ज्या दोन अक्षरांवर माझं लग्न चटकन जमलं, त्याच दोन अक्षरांनी तिची स्थळं परत गेली. शेवटी २०२३ ची चाचणी दिली आणि २०२४ च्या भरतीत पालघरला लागली. बारा वर्षांनी. पुन्हा शिक्षणसेवकच, मानधन तेवढं सोळा हजार. गेल्या वैशाखात लग्न झालं. नवरा बँकेत आहे, इस्लामपूरला. आता हिच्या बदलीचे अर्ज सुरू होतील.

"पैसं भरून पास झाल्यालं बी हुतं म्हनं कोण कोण? पेपरात आल्तं."

"२०२० च्या परीक्षेत. जवळजवळ आठ हजार जण निघाले. यादीच लागली होती."

"त्यात आपल्या वळखीचं कोण?"

"मी यादी बघितली नाही आक्का."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी दोडक्याच्या वेलाकडं बघितलं. काही नावं कुंपणावरसुद्धा घेत नाहीत.

"त्यो सात कोटीवाला गुरुजी बी डी.एड.वालाच न्हवं?" त्यांनीच विषय बदलला.

रणजितसिंह डिसले. बार्शीचे, शाळा माढा तालुक्यात परितेवाडीची. इंजिनिअरिंग जमलं नाही म्हणून डी.एड. केलं, आणि २०२० ला ग्लोबल टीचर पुरस्कार. निम्मे पैसे बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर त्या दिवशी जेवढे अंगठे आले, तेवढे कुणाच्या वाढदिवसालाही येत नाहीत. गलाईवाला एकटाच म्हणाला होता, निम्मे वाटायला नको होते.

"बरं, त्या गलाईवाल्याला पोरंबाळं किती?" आक्कांचा एक भाचा लग्नाचा आहे, त्यामुळं हा प्रश्न सहज नव्हता.

"एकच मुलगी. अकरावीला आहे. त्याचा विचार आहे तिला डी.एड.ला घालायचा."

"खुळं का काय ते! कालेजं वस पडल्यात, शिटा भरत न्हाईत, आन् ह्यो पोरीला तिथं घालतोय?"

"आम्हीही तेच म्हणालो. तर म्हणतो कसा, आपण पास झालो तेव्हा सोनं तोळ्याला आठ-नऊ हजार होतं, कुणी घेतलं नाही. आज लाखाच्या वर गेलंय तर दुकानापुढं रांग. सगळी सोडून पळतात तेव्हा घ्यायचं. पोरगी पास होईस्तोवर निम्मे गुरुजी रिटायर झालेले असतील."

आक्कांनी पदर खोचला, जरा विचार केला.

"पोरगी केरळात वाढल्याली आसंल. मराठी नीट लिवती का?"