दुसरं आवर्तन

नागपुरात एखादी गोष्ट एकदा केली तर लोक 'कशी झाली?' म्हणून विचारतात. तीच लगोलग दुसऱ्यांदा करायला निघालात तर 'काऊन?' म्हणून विचारतात. क्रूझनं मुंबईहून गोव्याला जाऊन यायचं आणि ती फेरी ज्या दिवशी संपेल त्याच दिवशी, त्याच जहाजानं, त्याच खोलीत राहून लक्षद्वीपला निघायचं, हा आमचा बेत सकाळच्या फिरायच्या मंडळींना सांगितला. अंबाझरीच्या बाकावर कोणी पटकन काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "काऊन बे, पहिल्या खेपेत समुद्र पुरून नाही राहिला का तुले?" दुसऱ्याला वाटलं, एकावर एक फुकट अशी काही योजना निघाली असावी. तिसऱ्यानं सातव्या आयोगाचा फरक मला एकट्यालाच कसा मिळाला, याची चौकशी केली.

मी त्यांना रेल्वेचं गणित सांगितलं. नागपूर ते मुंबई 837 किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेसमध्ये एक रात्र जाताना, एक रात्र येताना. समुद्रावर दोन रात्री झोपण्यासाठी गाडीत दोन रात्री जागायचं, यात व्यवहार कुठला? समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पुरता 701 किलोमीटर खुला झाला खरा, पण त्याच्या शेवटी समुद्र येत नाही, भिवंडीचा ट्रॅफिक येतो. झीरो माइलचा दगड ज्या गावात आहे, त्या गावाला सगळे समुद्र सारखेच लांब. म्हणून तर आम्ही फुटाळ्याच्या काठालाच चौपाटी म्हणून टाकलं आहे. तिथं जन्मभर संध्याकाळी तेच पाणी बघत बसतो, आणि 'फुटाळा परत काऊन?' असं आजवर कोणी कोणाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

गणित खरं असलं तरी निर्णय गणितावर झाला नव्हता. सीताबर्डीच्या ट्रॅव्हलवाल्याकडे बसलेलो असताना तिथला पोरगा म्हणाला, "काका, याला बॅक-टू-बॅक म्हणतात. सामान हलवायचं काम नाही." तोवर माहितीपत्रकातली चित्रं बघत बसलेली बायको मान वर करून म्हणाली, "म्हणजे बॅग एकदाच भरायची?" हो म्हटल्यावर तिनं पुढचं काही विचारलंच नाही. उलट पोरानं आणखी पर्याय दाखवायला घेतले तेव्हा मलाच बजावलं, "अहो, कपाटात एकदा लावलेल्या साड्या मी परत परत बॅगेत कोंबणार नाही, सांगून ठेवते." जगभर सलग दोन-दोन फेऱ्या घेणाऱ्या लोकांना कारण विचारलं तर त्यातले पुष्कळ जण हेच सांगतील, फक्त साडीचा उल्लेख नसेल.

माझी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याला बारमाही पाणी नसतं, ते आवर्तनानं सुटतं. पहिलं आवर्तन सोडलं की कालव्याचा सुकलेला तळ, भेगाळलेला काठ आणि वरच्या अंगाची तहानलेली जमीन मिळून अर्धं पाणी मधल्या मध्येच पिऊन टाकतात. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी फोन करकरून थकतो आणि आम्ही 'येऊन राहिलं, येऊन राहिलं' म्हणत दिवस ढकलतो. दुसरं आवर्तन ओल्या कालव्यातून सरळ धावतं आणि पिकाला लागतं. पहिली क्रूझ माझ्या स्वतःच्या कोरडेपणातच मुरून गेली, हे दुसरी सुरू झाल्यावर ध्यानात आलं.

आमच्या खात्याच्या माणसाला त्या जहाजाचं चरित्रही मनाला लावून घेण्यासारखं आहे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा खर्चाचा अंदाज होता 372 कोटी. दोनच वर्षांनी, 1990 साली, फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीतून हे जहाज बाहेर पडलं, 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं. पुढे ते 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं, 2008 मध्ये एका स्पॅनिश कंपनीकडे नुसतं 'एम्प्रेस' म्हणून गेलं, 2016 मध्ये जुन्या मालकाकडे जुन्या नावानं परतलं, आणि 2021 मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसच्या ताब्यात येऊन मुंबईहून फेऱ्या मारू लागलं. एवढ्या नांदणुका होईस्तोवर गोसीखुर्दच्या कालव्यांची कामं चालूच होती आणि खर्च हजारो कोटींत गेला होता.

जहाज 48,563 टनांचं. बाकावरच्या मंडळींनी हा आकडा ऐकून 'बाप्पा!' केलं, पण हे वजन नव्हे. जुन्या हिशेबात जहाजाचा टन म्हणजे 100 घनफूट जागा. आता सूत्र बदललं असलं तरी माप आतल्या पोकळीचंच आहे. मला त्याहून नवल वाटलं ते नळाचं. अशी जहाजं समुद्राचं पाणी उकळून, नाहीतर पडद्यातून दाबून गाळून, आपलं गोडं पाणी आपणच तयार करतात. एकदम मागच्या टोकाच्या खोलीतला नळही पुढच्यासारखाच धो धो वाहतो. टेलला पाणी पोचतं, हे पाहण्यासाठी मला अरबी समुद्रात जावं लागलं. बायको म्हणाली, "नळ बंद करा आणि खिडकीबाहेर बघा."

तर पहिली फेरी. तिच्यात माणूस समुद्र बघतच नाही, पैसे वसूल करतो. नाश्त्याला इडलीही हवी, पराठाही हवा, पलीकडे अंड्याचं काय चाललंय तेही बघून यायचं. एकीकडे पोहे दिसले म्हणून धावलो, तर तर्री नव्हती. अरबी समुद्राकडून तशी अपेक्षा नसावी, पण नागपूरकर आशावादी असतो. जहाजाचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, हे कळायलाच वेळ जातो. लिफ्टमधून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना अगदी सारखे बोळ, सारखा गालिचा, सारखे दरवाजे. लोक हातात किल्लीचं कार्ड धरून, चेहऱ्यावर 'मला सगळं माहीत आहे' असा भाव आणून चुकीच्या दिशेनं ठामपणे चालत असतात. त्यात मीही होतो. कार्यक्रमपत्रिकेवर एकाच वेळी तीन ठिकाणी काहीतरी असतं; एका ठिकाणी बसलं की दुसरीकडे चुकतंय ही हुरहुर. किनारा लांब गेला की फोनची रेंज जाते, मग काढलेले फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकता येत नाहीत, आणि टाकता न येणारा सूर्यास्त बघायचा कशाला, असा चमत्कारिक विचारही मनात येऊन जातो. गोवा आला, बघितला, गेला. मुंबई परत दिसायला लागली तेव्हा कुठे आम्हाला खोलीचा रस्ता पाठ झाला होता.

शेवटच्या रात्री बोळात दरवाज्यादरवाज्याशी बॅगा उभ्या राहिल्या. सकाळी उतरायचं असलं की मोठं सामान आदल्या रात्रीच बाहेर ठेवतात. आमच्या दाराशी काहीच नव्हतं. बाजूच्या खोलीतले अकोल्याचे एक भाऊ काळजीनं विचारून गेले, "काका, तुमच्या बॅगा भरल्या नाही का अजून?" त्यांना 'आम्ही राहणार आहोत' हे सांगताना जो एक आनंद झाला, तो तिकिटाच्या दरात धरलेला नव्हता.

सकाळी बॅलार्ड पिअरला जहाज लागलं. लोक घाईनं चहा घेत होते, बिलं बघत होते, 'हे सरबत आपण कधी प्यायलं?' यावर नवरा-बायकोत बारीक वाद चालले होते. अर्धा दिवस जहाज आमचं होतं. अशा सलग राहणाऱ्यांना जहाजाच्या भाषेत 'इन ट्रान्झिट' म्हणतात. काही देशांच्या बंदरांत त्यांनाही खाली उतरवतात, जहाज पुरतं रिकामं झाल्याची खात्री करून घेतात आणि मग पुन्हा चढवतात. बोळात चादरींचे डोंगर रचले होते. खाली धक्क्यावर भाज्या, दूध, पिठाची पोती चढत होती. पोहायच्या तलावाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या, वाद्यवृंदाचे स्टँड रिकामे, आणि मधून ही माझी बायको हात मागे बांधून, मजुरांकडून काम करून घेणाऱ्या मालकिणीसारखी फिरत होती. एका खिडकीची काच नीट पुसली गेली नाही, हे तिनं सफाईवाल्या मुलाला दाखवूनही दिलं. त्यानंही ती निमूटपणे परत पुसली.

दुपारपासून नवे लोक चढू लागले. त्यांचा चेहरा मी ओळखला. दोन दिवसांपूर्वी तो माझा होता. लिफ्टच्या बाहेर उभं राहून मी बराच वेळ 'तुमची खोली इकडे नाही, तिकडे' असं सांगत होतो. मग सुरक्षेची कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की जमायचं, ही धोक्याची खूण जगभर एकच आहे. पूर्वी ही कवायत निघाल्यापासून 24 तासांच्या आत उरकली तरी चालायची. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेकांची कवायत व्हायची होती. 2015 पासून निघण्याआधी किंवा निघताक्षणीच ती घेणं बंधनकारक झालं. जुना प्रवासी असलात तरी सुटका नाही. मी सगळ्यांच्या आधी जागेवर हजर होतो. सेवानिवृत्त माणसाला अगोदरच येत असलेली परीक्षा फार आवडते.

या खुळाला अंत नाही, हे नंतर वाचलं. बिएट्रिस मलर नावाच्या अमेरिकन बाई नवऱ्याच्या निधनानंतर 2000 सालापासून 'क्वीन एलिझाबेथ 2' वर जवळजवळ मुक्कामीच राहत होत्या. 2008 मध्ये जहाज निवृत्त झालं, तेव्हा त्यांना उतरावं लागलं. आमच्याकडे माणसं निवृत्त होतात आणि ऑफिस राहतं. तिथं उलट झालं. मारिओ साल्सेडो म्हणून एक गृहस्थ गेली वीसहून अधिक वर्षं बहुतेक काळ जहाजांवरच असतात, डेकवर टेबल मांडून काम करतात. अमेरिकेत दोन फेऱ्या जोडताना 1886 चा एक कायदाही आडवा येऊ शकतो. परदेशी जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरातला उतारू मधे लांबचं परदेशी बंदर न घेता दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायचा नाही, आणि तुमच्या दोन फेऱ्या तुमच्या दृष्टीनं दोन असल्या तरी सरकार त्या एकच धरतं. सरकारी हिशेब म्हणून मला हे पटलं.

आमच्या वरच्या मजल्यावरचे मालवणचे आजोबा मात्र या कौतुकानं बधले नाहीत. त्यांच्या लहानपणी मुंबईहून सुटलेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत पणजीला जायची. ती बंदरापासून लांब उभी राहायची, पडाव यायचे, आणि पोरंबाळं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या सगळं हिंदकळत किनाऱ्याला लागायचं. पावसाळ्यात बोट बंद. "त्याला आम्ही क्रूझ नव्हतो म्हणत," ते म्हणाले, "ओकाऱ्या म्हणत होतो. आणि मे महिन्यात एकदा गावी, जूनच्या आधी एकदा परत, दर वर्षी. आम्हाला कोणी नाही विचारलं, तीच बोट परत का म्हणून." लक्षद्वीपला मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेरच थांबतं आणि छोट्या होड्यांतून बेटावर नेतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. "म्हणजे पडावच," म्हणाले, "फक्त भाडं वाढलं."

दुसऱ्या फेरीत आम्ही जवळजवळ काहीच केलं नाही. इडली घेतली तर पराठ्याकडे बघितलं नाही. मागच्या डेकवरची दोन खुर्च्यांची एक जागा आमची ठरून गेली. चहावाला मुलगा न विचारता एक बिनसाखरेचा आणि एक कडक आणून ठेवायचा. जहाजामागे पाण्यावर उमटत जाणारा पांढरा पट्टा बघत तासन् तास बसायला पहिल्या फेरीत धीर झाला नव्हता. त्या पट्ट्याची रुंदी किती आणि किती अंतरावर तो मिटतो, याचा अंदाज मी बांधत होतो. बायकोनं स्वेटर विणायला घेतलं. नागपूरच्या थंडीसाठी, अरबी समुद्राच्या उकाड्यात. उडते मासे दिसले तेव्हा आम्ही फोन काढला नाही. काढेपर्यंत ते गेले असते, हेही आहे.

तुम्हाला जायचं असेल तर एवढं करा. दोन्ही फेऱ्यांना खोली तीच मागून घ्या, नाहीतर मधल्या दिवशी साड्यांसकट स्थलांतर करावं लागेल. औषधं दोन्ही फेऱ्या मोजून घ्या. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याचा विचार सोडा. त्या दिवसांत आपलं हे जहाजही चेन्नईकडे जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करून आलेलं आहे. आणि पहिली फेरी कशी होते ते बघू, मग दुसरीचं ठरवू, असं मात्र करू नका. पहिलीवरून ठरवाल तर दुसरी कधीच घेणार नाही.