तुमची अपेक्षा काय?

जुन्या नाण्यांच्या छोट्या दुकानात कुणी डबा उघडला की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, ‘तुमची अपेक्षा काय?’ हा प्रश्न बंद झाला पाहिजे. मेथीच्या जुडीचा भाव भाजीवाल्याला माहीत असतो तसा घेणाऱ्यालाही, म्हणून तिथली घासाघीस बरोबरीची. इथे सगळं ठाऊक असतं ते एकालाच. दुसऱ्याला आधी आकडा बोलायला लावायचा आणि तो कमी निघाला की गप्प बसून पैसे मोजायचे, हा धंदा मला पटत नाही.

डबा घेऊन येणाऱ्यांत संग्राहक फार थोडे. बाकी सगळे घर आवरता आवरता आलेले. आई गेल्यावर कपाटाच्या तळाशी पुरचुंडी सापडलेली मुलगी, गावचं घर विकून परतलेले काका, शाळेची फी भरायची म्हणून आजीचे रुपये घेऊन आलेला बाप. पुरचुंडीत राणीछाप आणि राजाछाप रुपये, ढब्बू पैसे, युद्धाच्या काळातले भोकाचे पैसे, चार-आठ आणे आणि कधी ॲल्युमिनियमची दोन-तीन पैशांची नाणी. सगळं एकत्र. त्यांना त्यातलं एवढंच कळतं, की हे आपल्या माणसांनी जपून ठेवलं होतं.

आता काउंटरवर काय व्हायला हवं ते सांगतो. व्हिक्टोरिया राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे नगामागे जवळपास १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. पूर्वीचा तोळा म्हणजे रुपयाचं हेच ११.६६ ग्रॅम वजन. हल्ली सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. तेव्हा ‘एक रुपया, एक तोळा’ असा तोंडी हिशेब केला, तर प्रत्येक नाण्यामागे विकणाऱ्याचं नुकसान होतं. उलट १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी नाहीच. म्हणून तीन ढीग करा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. काट्याचा आकडा त्याला दिसेल असा ठेवा. आजचा चांदीचा भाव सांगा. मग तुमचा आकडा तुम्ही सांगा आणि त्यात तुमचा नफा धरा, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. दुकानाचं भाडं आहे, माल महिनोन्‌महिने पडून राहतो, हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर समजतं.

पडेल भावाची बातमीही तितक्याच सरळपणे द्यावी. १८६२ चा रुपया घेऊन येणाऱ्याला वाटतं, इतकं जुनं साल म्हणजे घबाड. पण तेच साल छापलेले रुपये टांकसाळी १८७४ पर्यंत पाडत होत्या, त्यामुळे ते भरपूर आहेत. सालाखालच्या-वरच्या बारीक ठिपक्यांनी फरक पडतो, तो भिंग देऊन दाखवा. एकदा ठिपके मोजायला शिकलेला माणूस पुढच्या खेपेला विकायला येणार नाही, घ्यायला येईल.

आणि १९३९ चा रुपया? तो खरोखर दुर्मीळ, म्हणूनच आकडा कोरून केलेले खोटेही भरपूर. एखाद्या बाईंच्या डब्यात खरा १९३९ निघाला, दुकानदाराने तो ओळखला आणि तरी इतरांबरोबर चांदीच्या भावात ढिगात सरकवला, तर त्याला मी व्यापारी म्हणणार नाही. त्याने लुबाडलं.

गिऱ्हाइकांनाही दोन शब्द. नाणी घासू नका. चिंच, राख, भांड्यांची पावडर, काही नको. शंभर वर्षांत चांदीवर चढलेला काळपट निळा थर संग्राहकाला हवा असतो. तो घासून काढलात की नाणं चकचकीत होतं आणि त्याची किंमत धातूवर येते. गळ्यातल्या माळेसाठी कडी डाकलेल्या रुपयाचंही तेच. दुकानदार असल्या नाण्याला कमी भाव देतो तेव्हा तो लुटत नाही.

दुसरा शब्द फोनबद्दल. वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं लाखाला जातं, असा व्हिडिओ दाखवत रोज कुणीतरी येतं. ते नाणं २०१२ चं आहे, चलनात आहे आणि साधारण पाच-दहा रुपयांचंच आहे. राम-सीता-हनुमान एका बाजूला, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ दुसऱ्या बाजूला, असं ‘नाणं’ कंपनीने कधी पाडलंच नाही. तांदूळ ओढून घेणारं नाणं ही तर निव्वळ ठगबाजी, आणि तिच्यात माणसांनी घरदार घालवलं आहे. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही आणि त्यासाठी आम्ही कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तरी ठगांचे फोन चालूच आहेत. आधी नोंदणीचे पैसे, मग कर, मग कुरिअर.

इथे मात्र मी दुकानदारावर पुन्हा बोट ठेवतो. दिवसातून दहा वेळा तेच ऐकून त्याला वीट येतो, हे मला कळतं. पण ‘चला, निघा, डोकं खाऊ नका’ म्हणून हाकललेला माणूस घरी जात नाही. रस्त्यावरच उभा राहून व्हिडिओखालच्या नंबरला फोन लावतो. त्याला अपमान वाटलेला असतो आणि पलीकडून गोड बोलणारा भेटतो. दोन मिनिटं देऊन, त्याच सालची आणखी पाच नाणी गल्ल्यातून काढून त्याच्यापुढे ठेवली, तर त्याचे पैसे वाचतात. ही दोन मिनिटं दुकानदाराने द्यायलाच हवीत, कारण त्या माणसाला खरं सांगू शकेल असं त्या बाजारात दुसरं कुणी नाही.

शिवराईच्या बाबतीत तर फारच जपून बोलावं लागतं. तांब्याच्या तुकड्यावर ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’. गिऱ्हाईक तो कपाळाला लावूनच पुढे करतं. पण महाराजांच्या राज्याभिषेकापासून सुरू झालेली ही नाणी त्यांच्यानंतरही कितीतरी वर्षं, पेशवाईतही, निरनिराळ्या टांकसाळींत पाडली गेली. अक्षरांची वळणं, मधल्या रेघा आणि वजन पाहून जाणकार काळ सांगतो. हाती आलेली शिवराई उत्तरकाळातली, दोन रेघांची दुदांडी असेल तर तसं सांगावं. महाराजांच्या काळातली म्हणून दुप्पट किमतीला विकणारा त्या नावाचाच अपमान करतो. सोन्याचा होन म्हणून दाखवलं जाणारं नाणं तर बहुतेक वेळा प्रतिकृती असते. प्रतिकृती विकायला हरकत नाही, पाकिटावर ‘प्रतिकृती’ असं ठळक लिहा.

याच्या उलटही घडतं. फारसी अक्षरांचा रुपया पाहून लोक म्हणतात, ‘हा आमच्या देवघरात कसा आला?’ आणि मिळेल त्या भावात देऊन टाकतात. तो पुण्याचा अंकुशी असतो, नाहीतर चांदवडच्या टांकसाळीचा चांदोडी. मराठ्यांच्या टांकसाळीत, मराठ्यांच्या अमलात पाडलेला, पण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मुघल बादशहाच्या नावाचा. तुमच्या पूर्वजांनी ज्याने सारा भरला असेल तो हाच रुपया. हे ऐकल्यावर काहीजण नाणं परत खिशात घालतात. दुकानदाराचा सौदा गेला. जाऊ द्या.

पोरांचा वेगळा विचार करा. दहा-वीस रुपयांच्या परदेशी नाण्यांच्या डब्यात हात घालून बसलेलं पोर हे पुढच्या तीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे. त्याला आपल्या नाण्यावर हिऱ्याची खूण म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता, एवढं शिकवलं की ते घरी जाऊन आईच्या पर्समधली सगळी चिल्लर उलथी करतं. त्याला रंग लावलेली, मुलामा दिलेली ‘खास आवृत्ती’ विकू नका.

शेवटचं, आणि यात मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही. नांगराच्या फाळाला लागलेलं मडकं. मातीने माखलेली नाणी घेऊन माणूस दबक्या आवाजात विचारतो, ‘घेता का?’ घेऊ नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सगळं सरकारजमा होईल या भीतीने लोक लपवतात. पण त्याच कायद्यात, ज्याला ते सापडलं त्याच्या वाट्याची तरतूद आहे, आणि सरकारने ते ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश द्यावा लागतो. हे त्या शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. मडक्यातली नाणी एकत्र असली तरच त्यांच्यावरून कळतं, की ती कुणी, साधारण कधी पुरली आणि त्या भागात तेव्हा कोणतं चलन चालत होतं. चार दुकानांत वाटली गेली की ते कायमचं गेलं. म्हणून त्याला आत बसवा, चहा सांगा, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचा अर्ज त्याच्याकडून लिहून घ्या, नाण्यांचे फोटो काढून त्याच्या फोनवर ठेवा. तसाच जाऊ दिलात तर संध्याकाळपर्यंत तो आटणीवाल्याच्या दारात उभा असेल.